कुत्र्यासाठी आलेला हाडांचा डबा

आज दीप अमावस्या. सकाळी आईने समया आणि निरांजने घासून पाटावर मांडली, आणि दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या मावशी स्टीलचा एक डबा घेऊन आमच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. उद्यापासून श्रावण, म्हणून त्यांच्याकडे आज मटण होते. लेकी-जावई आले होते, पंगत उठली होती, आणि ताटांतली हाडे त्यांनी आठवणीने वेगळी काढून आमच्या बिट्टूसाठी डब्यात भरून आणली होती. "ले रे भाऊ, तुना बिट्टूले," असे म्हणून त्यांनी डबा माझ्या हातात दिला. तो अजून कोमट होता. झाकणाच्या फटीतून काळ्या मसाल्याचा वास येत होता, बिट्टू माझ्या पायांभोवती घिरट्या घालत होता, आणि मावशी त्याच्याकडे नातवाकडे पाहावे तशा पाहत होत्या. मला काही बोलता आले नाही. "बरं मावशी," एवढेच म्हणालो, आत आलो, डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बराच वेळ बसून राहिलो.

मावशींवर मला राग नाही, हे आधीच सांगतो. घरातल्या दहा माणसांचे वाढून झाल्यावर ज्या बाईला शेजारच्या मुक्या जनावराची आठवण होते, तिच्यावर रागवायचे कसे? पण आज रात्री खानदेशातल्या किती अंगणांत, किती मळ्यांत, किती ढाब्यांच्या मागच्या बाजूला हाच डबा कुत्र्यापुढे रिकामा होणार आहे, हे डोळ्यांपुढे आले आणि मला स्वस्थ बसवेना. मित्रहो, माझ्या यादीतली तुम्ही सगळी माणसे जनावरांवर जीव लावणारी आहात. तुम्हाला माया शिकवण्याची गरज नाही. म्हणूनच आमच्या आधीच्या कुत्रीचे, सोनीचे, काय झाले ते आज लिहितो. चार वर्षांत मी ते पूर्णपणे कोणालाही सांगितलेले नव्हते.

सोनी आम्हाला एका जिनिंगच्या आवारात सापडली होती. सरकीच्या ढिगामागे तिच्या आईने पिल्ले घातली होती, त्यातले हे एकच उरले होते. रंग पिकलेल्या ज्वारीसारखा, कान अर्धे उभे आणि अर्धे पडलेले, आणि स्वभाव असा की घरात कोणी मोठ्या आवाजात बोलले तरी ती खाटेखाली जाऊन बसायची. सहा वर्षे ती आमच्याकडे होती. आमचे घर माळकरी नसले तरी आई मांसाहार करीत नाही, त्यामुळे सोनी भाकरी, दूध, ताक आणि अंडे यांवर वाढली. गटारीच्या दिवशी आम्ही चार-पाच मित्र तापीपलीकडच्या आमच्या मळ्यात जमायचो. त्या वर्षी मी तिला सोबत नेले. केळीच्या बागेलगत चूल मांडली होती, पऱ्हाट्यांच्या जाळावर मटण शिजत होते, पाऊस नुकताच उघडला होता. जेवताना मी एक नळी चोखून झाल्यावर तिच्यापुढे टाकली. तिने ती दोन पायांत धरली आणि कडाकड फोडली. तो आवाज ऐकून आम्हाला मौज वाटली. मग मी दुसरी टाकली.

एवढेच केले होते. दोन नळ्या.

आज मावशी गेल्यावर अर्ध्या तासात पुण्याहून भाच्याने फोटो पाठवला, तेव्हा माझा तोल गेला, हे मान्य करतो. त्याच्याकडे लॅब्राडोर आहे. फोटोत त्या कुत्र्यापुढे कोंबडीची अख्खी कच्ची तंगडी, शेजारी कच्ची कलेजी, वर एक कच्चे अंडे फोडलेले, आणि खाली ओळ: "मामा, तुम्हीही आता कच्चेच द्या, जंगलात कोण शिजवून घालते?" हा पोरगा महिन्याला बर्फात गोठवलेली पाकिटे घरपोच मागवतो. ती विकणाऱ्यांनी त्याला पटवून दिले आहे की शिजवलेले अन्न हाच कुत्र्याच्या सगळ्या आजारांचा उगम आहे. कच्चे मांस आणि कच्ची हाडे यांचा हा विचार १९९३ साली ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी पुस्तक लिहून मांडला आणि तेथून तो जगभर पसरला. तो मांडणारा माणूस पशुवैद्य होता, याचा मी मान ठेवतो. परंतु पशुवैद्यांची अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना २०१२ पासून कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस घालू नका असे सांगत आहे, हे त्या पाकिटावर कोणी छापत नाही.

जंगलाचे नाव घेतले की मला चीड येते. आमचा बिट्टू जंगलातून आलेला नाही. त्याचे पूर्वज हजारो वर्षे माणसाच्या उंबरठ्याशी बसून माणसाच्या हातचे खात आले. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा पिष्टमय अन्न पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्वारीच्या भाकरीचा जो चतकोर कुत्र्याला टाकत होत्या, तो पचवण्याची सोय त्याच्या रक्तातच झालेली आहे. आणि जंगलातला लांडगा हाड अडकून मरतो तेव्हा त्याचा फोटो काढायला तेथे कोणी नसते. सोनीचा काढला होता. एक्स-रे होता तो, पण माझ्या लेखी तो तिचा शेवटचा फोटो आहे, आणि अजून कपाटात आहे.

भाच्याच्या कुत्र्याचे केस चमकतात, हे खरे आहे. कच्चे हाड शिजलेल्या हाडाइतके ठिसूळ नसते, शिजताना हाडातला चिवटपणा जातो आणि मग त्याचे सुयांसारखे तुकडे होतात, हेही खरे आहे. पण म्हणून कच्चे हाड निर्धोक होत नाही. बकऱ्याच्या किंवा म्हशीच्या पायाचे कडक हाड चावताना कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो आणि ते जनावर महिनोन्‌महिने एका बाजूने खाते. ते बोलत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. हाडाचा चुरा आतड्यात साचून शौच पांढरी, खडूसारखी होते, आणि ती काढायला एनिमा द्यावा लागतो. त्या वेळी त्या जनावराचा चेहरा ज्याने पाहिला आहे, तो पुन्हा हाडाला हात लावणार नाही.

आणि भाच्या, तू पुण्यात आहेस. येथे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दुपारची वीज गेली की फ्रीजमधला बर्फ वितळू लागतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. पाकीट वितळले की ते पुन्हा वाढू लागतात. बाजारात सकाळी कापलेली कोंबडी अकरा वाजता कशी दिसते ते मी पाहिले आहे. त्याच कोंबडीची कच्ची मान कुत्र्याने फरशीवर ओढत न्यायची, मग त्याच तोंडाने माझ्या चार वर्षांच्या नातीचा गाल चाटायचा, आणि आईच्या देवघराबाहेर जाऊन बसायचे! साल्मोनेलाचे जंतू पोटात घेऊनही कुत्रा धडधाकट दिसू शकतो. आजारी पडतात ती घरातली लहान मुले आणि म्हातारी माणसे. आपल्या नवापूरला २००६ साली देशातला कोंबड्यांतला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. त्या वेळी नंदुरबार-धुळ्याकडे महिनोन्‌महिने लोकांनी चिकन विकत घेतले नव्हते. २०२१ मध्ये तो नवापुरात पुन्हा आला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले, आणि संशय त्यांना घातलेल्या कोंबडीच्या मांसाकडे वळला. ते तर खरोखरच जंगलातले प्राणी होते.

खाटकाकडून फुकट मिळणाऱ्या कच्च्या वजडी आणि फुफ्फुसांबद्दल तर मला ओरडून सांगायचे आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत आणि फुफ्फुसात पाण्याचे फोड असतात, ते अनेकांनी पाहिले असतील. त्यांत एका जंताची अळी असते. ते फोड कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा जंत वाढतो. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास दिसत नाही, पण त्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात तसाच फोड धरतो आणि वर्षानुवर्षे मोठा होत राहतो. त्याला हायडॅटिड म्हणतात. आठवडी बाजाराच्या दिवशी खाटीक गल्लीच्या तोंडाशी कुत्री का जमतात आणि आपण तेथे काय फेकतो, याचा विचार गावाने करायला नको का? अर्धा तास उकळायलाही आपल्याला वेळ नसेल, तर कुत्रे पाळण्याचा हट्ट तरी कशाला?

येथे कोणीतरी म्हणणार की शेतातली कुत्री जन्मभर हाडेच खातात आणि त्यांना काहीही होत नाही. मीही हेच म्हणालो होतो. त्या रात्री मळ्यात, पहिली नळी टाकली तेव्हा, आमचा सालदार, म्हणजे शेतावर सालाने राहिलेला गडी, चुलीपाशी बसला होता. तो सातपुड्यातला, पावरा समाजातला. कुत्र्यांबरोबरच वाढलेला माणूस. तो म्हणाला, "दादा, शिजलेलं हाड नका टाकू तिला. पोटात काटा होतो त्याचा." मी हसून म्हणालो, "अरे, तुझी कुत्री काय खातात मग?" तो गप्प बसला. मालकापुढे सालदार आणखी काय बोलणार? आणि मी दुसरी नळी टाकली. शेतातल्या कुत्र्यांपैकी जी जगली ती आपल्याला दिसतात. जे कुत्रे दोन दिवस उसाच्या फडात पडून राहिले आणि पुन्हा आलेच नाही, त्याचे आपण "बिबट्याने नेले असेल" म्हणून सोडून देतो. सालदाराने ती मोजलेली होती. मी मोजलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, सोनीने भाकरीला तोंड लावले नाही. दुपारी दोनदा ओकली. संध्याकाळी आई आणि मी तिला शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि सरळ विचारले, "बाहेरचे काही खाल्ले का? हाड वगैरे?" आई शेजारी उभी होती. श्रावण लागला होता. मी आदल्या रात्री कोठे होतो ते आईला माहीत होते, पण ते आमच्या घरात बोलले जात नाही. मी म्हणालो, "नाही, घरची भाकरी आणि दूधच खाते ती."

हेच मी चार वर्षे कोणाला सांगितलेले नव्हते. त्यांनी उलटी थांबण्याचे इंजेक्शन दिले आणि उद्या आणा म्हणाले. उद्याचा दिवस तसाच गेला. ती खाटेखाली जाऊन बसली आणि हाक मारली की फक्त शेपटीचे टोक हलवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिला घेऊन गेलो आणि डॉक्टरांना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. एक्स-रेमध्ये पोटात पांढऱ्या ठिणग्या उडाल्यासारखे तुकडे दिसत होते. शस्त्रक्रिया झाली, एका तुकड्याने लहान आतडे फाडले होते आणि पोटात पू झाला होता. डॉक्टर एवढेच म्हणाले की पहिल्या दिवशी कळले असते तर बरे झाले असते. नागपंचमीच्या सकाळी ती गेली. गल्लीत मुली झोके घेत होत्या.

आता मला कोणी सांगू नये की "एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही".

मी कुत्र्याला शाकाहारी करायला निघालो आहे, असाही अर्थ कोणी काढू नये. बिट्टूला आठवड्यातून चार दिवस चिकन मिळते. ते वेगळ्या पातेल्यात, मीठ-मसाला न घालता, पूर्ण शिजवलेले असते आणि त्यातले एकेक हाड मी स्वतः बोटांनी काढतो. त्यात ज्वारीची किंवा बाजरीची बिनमिठाची भाकरी कुस्करतो, उकडलेले डांगर, म्हणजे लाल भोपळा, घालतो, कधी उकडलेले अंडे, उन्हाळ्यात थोडे ताक. आपली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मात्र नाही, कारण तिच्यात मीठ असते. नुसते मांस आणि भाकरी एवढ्याने भागत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी पडते आणि वाढत्या पिल्लाची हाडे त्याने वाकतात, म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेली पूड त्याच्या खाण्यात रोज जाते. हाडातून कॅल्शियम मिळते हा कच्चे घालणाऱ्यांचा मुद्दा या बाबतीत बरोबर आहे. पण ते मिळवण्याचा हा एकच मार्ग आहे, असे थोडेच आहे? तयार खाद्याची पिशवी सगळ्यांना परवडत नाही, हेही मी जाणतो. डांगर आणि भाकरी मात्र आपल्याकडे कोणाला महाग नाही.

आणि आपला काळा मसाला! कांदा, लसूण, खोबरे भाजून वाटलेला तो रस्सा आपल्याला प्राणापलीकडे प्रिय आहे, पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेले असले तरीही. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि तोपर्यंत रस्सा कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. मावशींच्या डब्यात हाडेही होती आणि रस्साही होता.

भाच्याला मी दुपारी रागाने बरेच काही लिहिले होते. संध्याकाळी ते पुसून टाकले आणि फोन केला. तो मुलगा वाईट नाही. नोकरीवरून रात्री नऊला येऊन तो त्या कुत्र्याला तासभर फिरवतो, हे मी पाहिले आहे. त्याला मी सोनीचे सांगितले, डॉक्टरांपुढे काय बोललो तेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, फ्रीजमध्ये अजून सहा पाकिटे आहेत, ती शिजवून घालू का?" मी म्हणालो, त्यात हाडाचा चुरा असेल तर शिजवूनही घालू नकोस. तो म्हणाला, पाकिटावर काय लिहिले आहे ते बघतो. एवढ्यावर राहिले आहे.

अंधार पडल्यावर मी डब्यातली हाडे अंगणात पेरूच्या झाडाखाली हातभर खोल पुरली आणि वर फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे बिट्टू किंवा गल्लीतली कुत्री उकरणार नाहीत. मग मावशींकडे गेलो. न सांगता डबा परत करता आला असता, त्यांना कधी कळलेही नसते. परंतु एकदा असेच न सांगता राहिलो होतो. ओसरीवर बसून त्यांना सगळे सांगितले. त्या पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. सोनीला त्या ओळखत होत्या, पण ती आजाराने गेली असेच त्यांना वाटत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "मंग काय देऊ त्याले?" मी म्हणालो, मावशी, भाकरी द्या, बिनमिठाची, चतकोर. त्या म्हणाल्या, उद्यापासून महिनाभर घरात तसेही मटण नाही, सकाळी पहिली भाकरी त्याची.

डबा मी घासून ठेवला आहे. रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून आईने त्यात मळ्यातली सहा केळी ठेवली आहेत. सकाळी देऊन येईन.